नव्वद फुटांची सावली

विक्रमांच्या नोंदी ठेवण्याचा छंद अलीकडचा असला, तरी विक्रम करण्याची हौस मनुष्यजातीइतकीच जुनी आहे. सर्वांत उंच मनोरा, सर्वांत जड घंटा, सर्वांत खोल विहीर अशा याद्यांत जयपूरच्या सम्राट यंत्राचा उल्लेख 'जगातील सर्वांत मोठे दगडी छायायंत्र' असा हमखास आढळतो. त्यातील 'दगडी' हे विशेषण महत्त्वाचे आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील रेडिंग या गावी २००४ साली एक पूल खुला झाला. त्याचा २१७ फूट उंचीचा मनोराही छायायंत्र म्हणूनच उभारलेला आहे. तथापि त्याची सावली बिनचूक वेळ दाखविते ती वर्षातून एकाच दिवशी, दक्षिणायनारंभी! जयपूरचे यंत्र सूर्य दिसेल त्या प्रत्येक दिवशी आपले काम करते. परंतु एवढे प्रचंड यंत्र बांधण्याचे कारण काय, आणि ते कारण कसोटीस उतरले काय, हा प्रश्न त्या विक्रमाहून अधिक मनोवेधक आहे. आपल्या पंचांगाशी, आणि थोडाबहुत गोव्याशीही, त्याचा संबंध आहे.

सवाई जयसिंह हे १६८८ साली जन्मले आणि १७४३ साली निवर्तले. मोगल दरबारचे मातब्बर सरदार, माळव्याचे सुभेदार आणि जयपूर नगरीचे संस्थापक या नात्यांनी मराठ्यांच्या इतिहासात त्यांचे नाव वारंवार येते. पण त्यांचे मन रमत असे ते ग्रहगणितात. गणिताने काढलेले ग्रहांचे स्थान आणि आकाशात प्रत्यक्ष दिसणारे स्थान यांचा मेळ बसत नाही, ही त्यांची व्यथा होती. तो मेळ बसविण्यासाठी त्यांनी दिल्ली, जयपूर, उज्जैन, मथुरा आणि काशी अशा पाच ठिकाणी वेधशाळा उभारल्या. त्यांतील दिल्लीची १७२४ सालची. बादशहा महंमदशहाच्या नावाने सिद्ध केलेल्या आपल्या फारसी सारणीग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी दगडी यंत्रांची कारणे स्पष्ट सांगितली आहेत. पितळी यंत्रे लहान, त्यांवर कलांचे सूक्ष्म विभाग पाडता येत नाहीत; त्यांचे आस झिजतात, मध्यबिंदू सरकतात, पातळी ढळते. म्हणून यंत्र दगडाचे नि चुन्याचे करावे, पायापासून अचल करावे आणि जितके मोठे करवेल तितके मोठे करावे. पंधराव्या शतकात समरकंद येथे उलुगबेगने असेच महाकाय यंत्र बांधले होते, आणि त्याचा आदर्श त्यांच्यापुढे होता.

जयपूरचे सम्राट यंत्र म्हणजे सुमारे नव्वद फूट (२७ मीटर) उंचीची एक त्रिकोणी भिंत. तिची तिरपी कड जयपूरच्या अक्षांशाइतक्या, म्हणजे सुमारे २७ अंशांच्या कोनात चढत जाऊन थेट ध्रुवाकडे रोखलेली आहे. भिंतीच्या दोन्ही बाजूंस सुमारे पन्नास फूट त्रिज्येची दोन चतुर्थांश वर्तुळे पंखांसारखी पसरली आहेत. सकाळी भिंतीची सावली पश्चिमेकडील पंखावर पडते आणि उतरत उतरत मध्यान्ही पायथ्याशी येते. मग पूर्वेकडील पंखावर ती चढू लागते. एका सेकंदास एक मिलिमीटर, म्हणजे तासास सुमारे तेरा फूट, या गतीने ती सरकते. सावली सरकताना नुसत्या डोळ्यांनी दिसावी, असे हे जगातील एक दुर्मीळ स्थान होय. पंखावरील संगमरवरी पट्टीवर दोन सेकंदांपर्यंत, म्हणजे आपल्या परिभाषेत पाच विपळांपर्यंत, विभाग पाडलेले आहेत.

येथेच निसर्गाने एक मेख मारून ठेवली आहे. सूर्य हा बिंदू नव्हे. ते अर्ध्या अंशाचे बिंब आहे. त्यामुळे कोणत्याही सावलीची कड रेघेसारखी रेखीव नसते. गडद छाया आणि लख्ख ऊन यांच्यामध्ये उपच्छायेचा एक धूसर पट्टा असतो. सूर्याला आपल्या बिंबाइतके अंतर कापावयास सुमारे दोन मिनिटे लागतात, आणि तेवढ्याच काळाचा संभ्रम त्या पट्ट्यात साठलेला असतो. शंकू वीतभर असो की नव्वद फुटी, हा संभ्रम काळाच्या मापात तेवढाच राहतो. यंत्र मोठे केले की पट्टीवरील रेघा दूर जातात. पण त्याच प्रमाणात धूसर पट्टाही रुंदावतो. सम्राट यंत्रावर तो अर्ध्या वितीहून थोडा अधिक भरतो. म्हणजे पट्टी पाच विपळांची आणि धूसरता पाच पळांची! पट्टीच्या वर बारीक दोरा किंवा काडी धरून तिची सावली त्या पट्ट्यात न्याहाळली, तर कुशल वेधकाराला यातूनही पुष्कळ सूक्ष्म वेळ काढता येते. पण ते श्रेय दोऱ्याचे आणि डोळ्याचे, नव्वद फुटांचे नव्हे.

याचा अर्थ जयसिंहांना ही अडचण कळली नव्हती असा कोणी करू नये. सम्राट यंत्राचे पंख ज्या बांधकामावर तोललेले आहेत, त्याच्या पोटात अंधाऱ्या खोल्या आहेत. त्यांत षष्ठांश यंत्र आहे. छतातील लहानशा छिद्रातून मध्यान्ही सूर्याचा किरण आत येतो आणि साठ अंशांच्या कमानीवर सूर्याचे स्वच्छ, वाटोळे बिंब उमटते. त्यावरून सूर्याची क्रांती आणि बिंबाचा व्यासही कलेपर्यंत मोजता येतो. विक्रमवीर यंत्र बाहेर उन्हात उभे आहे, आणि त्याहून काटेकोर यंत्र त्याच्याच उदरात, अंधारात दडलेले आहे.

आता गोव्याकडे वळू. युरोपात ज्योतिषाची प्रगती झाल्याचे ऐकून जयसिंहांनी १७२७ साली पाद्री मॅन्युएल द फिगेरेदो यांच्याबरोबर एक मंडळ पोर्तुगालला धाडले. ते गोव्याच्या मार्गाने गेले आणि १७२९ साली लिस्बनला पोहोचले. परतताना त्यांच्यासमवेत पेद्रु द सिल्व्हा नावाचा जाणकार आला व तो जयपुरातच राहिला. हाती आल्या त्या फ्रेंच ज्योतिषी ला हीर यांच्या सारण्या. ज्या काळात गोमंतकातील आपली दैवते नदीपलीकडे अंत्रुज महालात आश्रयाला होती आणि शाहू महाराजांच्या कारकीर्दीत कवळ्याला शांतादुर्गेचे मंदिर उभे राहत होते, त्याच काळात त्याच पोर्तुगीज मार्गाने एका हिंदू राजाकडे ग्रहगणित येत होते, हा इतिहासातील एक विलक्षण योगायोग म्हटला पाहिजे.

जयसिंहांनी त्या सारण्या आकाशाशी ताडून पाहिल्या, तेव्हा चंद्राच्या स्थानात अर्ध्या अंशाची चूक आणि ग्रहणांच्या वेळेत पंधरा पळांचा फरक आढळला. अर्धा अंश ऐकावयास क्षुल्लक वाटतो. परंतु चंद्र सूर्यापासून बारा अंश दूर गेला की एक तिथी होते, आणि अर्धा अंश कापावयास त्याला सुमारे एक तास लागतो. म्हणजे एकादशी कोणत्या दिवशी धरावी, श्राद्धतिथी कोणती मानावी, हे त्या अर्ध्या अंशावर उलटेपालटे होऊ शकते. पंचांग हातात धरून संकल्प सोडणाऱ्या समाजाला हा फरक परवडणारा नव्हता, हे त्यांनी जाणले.

मात्र या चुकीचे जे निदान त्यांनी केले, ते विचार करावयास लावणारे आहे. युरोपातील यंत्रे आपल्याएवढी मोठी नसल्यामुळे त्यांचे वेध किंचित चुकले असावेत, असे त्यांनी लिहिले. वस्तुस्थिती निराळी होती. १६६७ च्या सुमारास पॅरिसच्या वेधकारांनी अंशांकित यंत्रावर दुर्बीण बसवून सूक्ष्ममापकाने मोजणी सुरू केली होती, आणि तेव्हापासून सूक्ष्मतेसाठी आकारमानावर विसंबण्याची गरज सरत चालली होती. चंद्राच्या सारण्या चुकत होत्या त्या यंत्र लहान म्हणून नव्हे, तर चंद्राची गतीच अतिशय गुंतागुंतीची म्हणून. जयसिंहांपाशी दुर्बिणी होत्या. शुक्राच्या कला आणि गुरूचे उपग्रह त्यांनी पाहिल्याचा उल्लेख त्यांच्याच ग्रंथात आहे. त्यांची दुर्बीण पाहण्यासाठी राहिली, मोजण्यासाठी झाली नाही. दगडी यंत्रांचा जागतिक उच्चांक आणि त्या यंत्रांच्या युगाचा शेवट अशा रीतीने एकाच वेळी घडला.

तरीही त्या पुरुषाचे मोठेपण उणावत नाही. पंडित जगन्नाथ सम्राटांकडून त्यांनी युक्लिडची भूमिती अरबीतून संस्कृतात आणविली, ती 'रेखागणित' या नावाने. १७३४ साली त्यांनी चंद्रनगरहून फ्रेंच पाद्री बोलाविले. परक्याचे ज्ञान मागवावे, पण आकाशाशी ताडल्यावाचून स्वीकारू नये, आणि आपलेही ताडल्यावाचून मानू नये, हा त्यांचा बाणा होता. धर्मकार्याला लागणारी वेळ शास्त्रवचनाइतकीच प्रत्यक्ष वेधावरही उभी असली पाहिजे, हे त्यांनी आचरून दाखविले.

पुढे मथुरेची वेधशाळा नामशेष झाली. जयपूरच्या यंत्रांचा जीर्णोद्धार १९०१-०२ मध्ये झाला, आणि २०१० साली युनेस्कोने त्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. उज्जैनच्या वेधशाळेला १९२३ साली ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे महाराजांनी नवजीवन दिले, आणि तेथील कार्याची धुरा गोविंद सदाशिव आपटे या मराठी ज्योतिर्विदाने वाहिली. आपल्या प्राचीन मध्यरेषेवरील ती नगरी पुन्हा वेध घेऊ लागली, त्यात मराठी माणसाचा हात लागला, ही आपणांस अभिमानाची गोष्ट आहे.

जयपूरला जाणाऱ्याने सम्राट यंत्रावरील वेळ आपल्या घड्याळाशी जुळत नाही म्हणून हसू नये. ते तेथील स्थानिक सूर्यकाल दाखविते. प्रमाणवेळेपासून तो सरासरी सत्तावीस मिनिटे मागे असतो आणि ऋतुमानाप्रमाणे थोडा कमीअधिक होतो. आषाढी पौर्णिमेस तेथील ज्योतिषी आजही यंत्राच्या माथ्यावर ध्वज धरून वाऱ्याची परीक्षा करतात. यात्रेकरू खाली उभे राहून नव्वद फुटांची उंची न्याहाळतात. त्यांनी घटकाभर खालच्या संगमरवरी पट्टीकडेही पाहावे. तेथे सावलीची धूसर कड संथपणे पुढे सरकत असते, आणि तिच्यातून नेमका क्षण वेचण्याचे काम माणसाच्या डोळ्यावरच सोपविलेले असते.