वाशिष्ठीतला गाळ कुठून आला?

२०२१ च्या डिसेंबरात चिपळूणकरांनी साखळी उपोषण केलं. मागणी साधी होती : वाशिष्ठी आणि शिव या नद्यांमधला गाळ काढा. त्याच वर्षी २२ जुलैच्या पुरात बाजारपेठेतल्या दुकानांचे तळमजले बुडाले होते. पाणी ओसरल्यावर घराघरांतून लाल चिखल फावड्यांनी ओढून काढावा लागला होता. आंदोलनाला यश आलं, नदीत पोकलेन उतरले आणि लाखो घनमीटर गाळ बाहेर निघाला. उपोषणाच्या मंडपात मीही बसले होते. मागणी तेव्हा योग्य होती आणि आजही आहे. पण माझा जन्म चिपळूणच्या वरच्या अंगाच्या डोंगराळ दसपटीतला, आणि नोकरीची सगळी वर्षं मी चिपळूणच्या मुलांना भूगोल शिकवला. त्यामुळे काठावर रचलेले ते ढीग पाहताना मला आमचे डोंगर दिसत होते. ही माती तिथूनच खाली आली आहे, आणि तिच्या येण्यामागे दोनशे वर्षांचा इतिहास आहे.

आधी नदी समजून घेऊ. वाशिष्ठी तिवरे गावाच्या वरच्या अंगाला सह्याद्रीत उगम पावते आणि जेमतेम सत्तर किलोमीटर वाहून दाभोळला समुद्राला मिळते. सुरुवातीच्या टप्प्यात ती कड्यावरून थेट पायथ्याला येते. चिपळूणच्या आसपास तिचा उतार जवळजवळ संपतो, आणि नेमकी इथवरच समुद्राची भरती पोचते. वरून वेगाने आलेलं पाणी इथे मंदावतं आणि सोबत आणलेली वाळू-माती टाकून देतं. मातीचे अगदी बारीक कण गोड्या पाण्यात तरंगत राहतात, पण खारं पाणी लागलं की ते एकमेकांना चिकटतात, जड होतात आणि तळाला बसतात. म्हणून खाडीच्या वरच्या टोकाशी गाळ साचणं हा निसर्गक्रमच आहे. प्रश्न येतो तो प्रमाणाचा. डोंगर झाडीने झाकलेला असला की पावसाचा मारा आधी पानांवर पडतो, मग पालापाचोळ्यावर, आणि पाणी मुळांच्या वाटेने जमिनीत उतरतं. डोंगर उघडा असला की तोच थेंब थेट मातीवर आपटतो. चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या मुलखात उघड्या उताराची माती फार काळ जागेवर राहत नाही.

ही खाडी एकेकाळी केवढी राबती होती! दाभोळ हे बहमनी आणि आदिलशाही काळातलं पश्चिम किनाऱ्यावरचं नावाजलेलं बंदर. १५०८ च्या अखेरीस पोर्तुगीजांनी ते जाळलं, इतकं त्याचं महत्त्व होतं. दाभोळहून आत खाडीने आलेला माल चिपळूणजवळच्या गोवळकोटला उतरत असे आणि तिथून बैलांच्या तांड्यांवर कुंभार्ली घाट चढून कऱ्हाडाकडे जात असे. वर मीठ, नारळ, सुकी मासळी जाई आणि खाली धान्य, गूळ, कापूस येई. पुढे आगबोटींच्या काळातही दाभोळला उतरलेली माणसं लहान लाँचने किंवा होडीने गोवळकोटला येत. आमच्या लहानपणी मुंबईहून बोटीने आलेल्यांच्या गोष्टी घरोघरी होत्या. हे बंदर केवळ गाळाने मेलं, असं म्हणणं खोटं ठरेल. १८९० च्या सुमारास पुण्याहून साताऱ्याच्या बाजूने दक्षिणेकडे रेल्वे गेली आणि घाटावरचा व्यापार तिकडे वळला. नंतर मोटाररस्ते झाले. पण गलबतं जिथवर येत होती, तिथे आता ओहोटीला गाळाची बेटं उघडी पडतात. तिथे तेवढं पाणीच उरलं नाही, हेही तितकंच खरं.

डोंगरावरचं झाड आणि खाडीतलं तारू यांचा संबंध आपल्या राज्यकर्त्यांना ठाऊक नव्हता असं नाही. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रात आरमाराच्या लाकडाबद्दल स्वतंत्र विवेचन आहे. सागवान लागेल ते हुजुराच्या परवानगीने तोडावं, कमी पडलं तर बाहेरून विकत आणावं. पण आंबा, फणस यांना हात लावू नये, कारण ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात, असा त्याचा आशय आहे. एखादं जुनं झाड मालकाला राजी करून आणि पैसे देऊनच तोडावं, असंही त्यात बजावलं आहे. आरमाराची निकड असलेल्या राज्याने झाडाच्या वयाचा आणि रयतेच्या दुःखाचा विचार केला, ही गोष्ट मला शिवकाळाच्या परंपरेतली फार मोठी वाटते.

१८१८ नंतर कोकण कंपनी सरकारकडे गेलं. सुरुवातीच्या काळात रत्नागिरीच्या जंगलांवरचा बहुतेक सरकारी हक्क सोडून देण्यात आला. लोक आपापली झाडी राखतील अशी त्यामागची अपेक्षा होती. आजही रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी वन नावापुरतं आणि बाकी सगळी झाडी खाजगी सातबाऱ्यावर दिसते, त्याची मुळं तिथे आहेत. शेजारच्या ठाणे-कुलाब्यात पुढे कडक वनकायदे आले आणि लोकांचे हक्क हिरावले गेले, तेही चांगलं झालं नाही. आमच्याकडे उलट झालं. कोणीच राखणारा उरला नाही आणि गिऱ्हाईक मात्र दारात उभं राहिलं.

ते गिऱ्हाईक होतं मुंबई. वाढत्या शहराला चुलीसाठी जळाऊ लाकूड हवं होतं, इमारतींसाठी वासे हवे होते, आणि कोकणच्या प्रत्येक खाडीतून पडाव-मचवे ते वाहून नेत होते. त्याच वेळी खोताचं, म्हणजे गावचा सारा गोळा करणाऱ्या वतनदाराचं, देणं भागवण्यासाठी कुळं डोंगरउतारावर वरकस पिकं घेत होती. पहिल्या वर्षी नाचणी, मग वरी, मग हरीक, आणि त्यानंतर जमीन काही वर्षं पडीक. पडीक काळ पुरेसा असेल तर झाडी पुन्हा उठते. पण खाणारी तोंडं वाढली आणि देणंही चुकलं नाही, तसा तो काळ आखूड होत गेला. शिवाय भाताच्या राबासाठी, म्हणजे रोपांची जागा भाजण्यासाठी, दरवर्षी ऐन-किंजळाच्या फांद्या उतरवाव्या लागत. यात मी कुळांना दोष देणार नाही. सपाट जमीन ज्याच्या वाट्याला आली नाही, तो उतारावर नांगरणारच.

या सगळ्याचा परिणाम ज्याने वेळेवर ओळखला आणि लिहून ठेवला, तो अलेक्झांडर गिब्सन. हा स्कॉटिश डॉक्टर कंपनीच्या नोकरीत होता, पुण्याजवळच्या दापोडीची वनस्पतीबाग सांभाळत होता आणि १८४७ मध्ये मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला. दक्षिण कोकणात फिरताना त्याच्या लक्षात आलं की जिथे झाडी गेली तिथले झरे आटले आहेत, आणि डोंगर साफ करून शेती सुरू झालेल्या भागांतल्या खाड्या गाळाने भरत चालल्या आहेत. त्याने हे सरकारला कळवलं. बंदरांवर अवलंबून असलेल्या सरकारला खाडी भरण्याची भीती समजत होती, म्हणून त्याचं म्हणणं ऐकून घेतलं गेलं. पण वनखात्याचा भर लवकरच दुसरीकडे गेला. १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली, पाठोपाठ रुळांखाली घालायला स्लीपर हवे झाले, आणि जंगल म्हणजे पाणी-माती राखणारी गोष्ट हा विचार मागे पडून जंगल म्हणजे लाकडाचं कोठार हा विचार पुढे आला. म्हणजे जंगलतोडीने काय होतं हे आपल्याला आत्ता, हवामानबदलाच्या काळात कळलं, हा समज काढून टाकला पाहिजे. आमच्या खाडीबद्दल ते पावणेदोनशे वर्षांपूर्वीच सांगून झालं होतं.

त्यानंतरचा काळ मी माझ्या आजोबांकडून ऐकला. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल मिळेनासं झालं, लाकडी कोळशाच्या गॅसवर मोटारी चालू लागल्या, आणि आधीच मुंबई-पुण्याच्या शेगड्यांसाठी चाललेला कोळशाचा धंदा जोरात आला. व्यापारी डोंगर उक्ता घ्यायचा. झाडं मोजायची नाहीत, वजन नाही, अख्ख्या उताराचा एकच आकडा. कातकरी कुटुंबं पावसाआधी घेतलेल्या उचलीत अडकलेली असायची, ती दिवाळीनंतर मुलाबाळांसह रानात येऊन राहायची. लाकडं रचायची, वर पाला आणि माती लिंपायची, आतून धुमसत ठेवायची आणि रात्रंदिवस राखायची. कुठे फट पडली तर सगळा माल जळून राख. असं करून चार-पाच किलो सुक्या लाकडामागे किलोभर कोळसा हाती येतो. आजोबा म्हणायचे, “डोंगर काळा झाला गो बाय, आणि पैसं कुणाच्या घरात ऱ्हायलं नाय.” विकणाऱ्याचे पैसे एखाद्या लग्नात किंवा आजारपणात संपले, कातकऱ्याची उचल फिटली नाही, आणि नफा शहराकडे गेला.

स्वातंत्र्यानंतर खोती गेली, १९६४ मध्ये झाडं तोडण्यावर नियंत्रण आणणारा कायदा आला, १९७५ मध्ये खाजगी वनं संपादन करण्याचा कायदा आला. तोड मात्र चालू राहिली. गावोगाव रस्ते पोचले आणि पूर्वी जिथून लाकूड काढणं परवडत नव्हतं तिथे ट्रक जाऊ लागला. आता कुऱ्हाडीची जागा कटर मशीनने घेतली आहे. पूर्वी तोडलेल्या ऐन-किंजळाच्या खुंटाला दुसऱ्याच पावसाळ्यात फुटवे यायचे, मूळ जिवंत राहायचं आणि माती धरून ठेवायचं. आज जेसीबी खुंटासकट उपटतो, उतार कापून सपाट्या करतो आणि तिथे काजू-आंब्याची लागवड होते. लागवडीला माझा विरोध नाही. पण ती मोठी होऊन माती धरेपर्यंतचे पावसाळे त्या उताराला झाकायला काहीही नसतं.

परिणाम आमच्या डोळ्यांसमोर आहेत. पहिला परिणाम पाण्याचा. बायका ज्या झऱ्यांवर शिमग्यानंतरही हंडे भरत, त्यातले कित्येक आता जानेवारी-फेब्रुवारीतच आटतात, आणि एवढा पाऊस पडणाऱ्या तालुक्यात उन्हाळ्यात टँकर फिरतो. दुसरा परिणाम पऱ्यांचा, म्हणजे डोंगरातून उतरणाऱ्या ओढ्यांचा. पूर्वी पाऊस थांबल्यावरही पऱ्या दिवसभर सावकाश वाहत राहायचा. आता तासाभरात फुगतो, माती-दगड आणतो आणि तसाच उतरतो. तिसरा परिणाम सर्वांत भयंकर. झाड तोडल्यावर मुळं लगेच मरत नाहीत, पण काही वर्षांत कुजतात. त्यांनी धरलेली माती सैल होते आणि मुळांच्या पोकळ्यांतून पाणी थेट आत शिरतं. २०२१ च्या त्याच पावसात खेड तालुक्यातल्या पोसऱ्यात १७ माणसं दरडीखाली गेली आणि महाड तालुक्यातल्या तळियेत ऐंशीहून अधिक. अशा दुर्घटनेला एकटी जंगलतोड जबाबदार असते असं मी म्हणणार नाही. उताराचा कोन, झिजलेला खडक, रस्त्यांसाठी केलेली कापणी आणि एका दिवसात कोसळलेला अफाट पाऊस ही सगळी कारणं त्यात असतात. चिपळूणच्या पुरातही भरतीची वेळ, कोयनेच्या वीजघरांतून वाशिष्ठीत येणारं अवजल आणि पात्रात घुसलेली बांधकामं यांचा विचार करावाच लागतो. पण यातल्या पावसाला आणि भरतीला आपण थांबवू शकत नाही. डोंगर झाकणं आपल्या हातात आहे.

ते शक्य आहे, याचा पुरावा प्रत्येक गावात उभा आहे. आमच्याकडच्या देवरहाटीत, म्हणजे देवाच्या नावाने राखलेल्या राईत, कुऱ्हाड चालत नाही, आणि तिच्या कुशीतलं पाणी वैशाखातही सहसा आटत नाही. वनस्पतीशास्त्रज्ञ वा. द. वर्तक १९७० च्या आसपास माधव गाडगीळांबरोबर देवरायांचा अभ्यास करत होते. तेव्हा श्रीवर्धन तालुक्यातल्या गाणी गावच्या लोकांनी त्यांना पत्र पाठवून आपली काळकाईची राई तोडीतून वाचवण्याची विनंती केली. गावाचा ओहळ त्या राईच्या आधारावर वाहतो, हे त्यांचं कारण होतं. त्या लोकांनी जलविज्ञानाचं पुस्तक वाचलं नव्हतं. पाणी कुठून येतं हे त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिलं होतं. राई वाचली.

मग दोनशे वर्षं सगळं ठाऊक असूनही डोंगर उघडे का पडले? माझ्या मते कारण एकच. झाडाची किंमत तोडणाऱ्याला मिळते आणि तोडीचा तोटा खालच्या गावाला भरावा लागतो. तिवऱ्याच्या वरचा शेतकरी मुलीच्या लग्नासाठी उतार विकतो, त्याला हजारांत पैसे मिळतात. त्या उताराची माती गाळ होऊन चिपळुणात उतरते आणि तो काढायला सरकारला कोट्यवधी मोजावे लागतात. हा हिशोब कुणीच एका वहीत मांडला नाही. आज्ञापत्रात झाडाच्या मालकाला राजी करून पैसे देण्याची गोष्ट होती. ती आपल्यालाही लागू आहे. गाळ काढण्यावर होणाऱ्या खर्चातला एक वाटा, वरच्या गावांत झाडी राखणाऱ्या शेतकऱ्याला दरवर्षी रोख मिळाला पाहिजे. तीव्र उतारावर जेसीबीला बंदी हवी, पऱ्यांच्या दोन्ही बाजूंची पट्टी तोडीतून वगळायला हवी, आणि देवरहाटीची हद्द गावाने मोजून नोंदवून घ्यायला हवी.

चिपळूणच्या माझ्या गावकऱ्यांना आणि माझ्या जुन्या विद्यार्थ्यांना एवढंच सांगते : गाळ काढण्याची मागणी सोडू नका, पण पुढच्या वेळी निवेदन लिहाल तेव्हा त्यात डोंगराचं कलम पहिल्या क्रमांकावर घाला. वर तोड चालू राहिली तर खालचा गाळ काढण्याचं काम कधीच संपणार नाही.