तळटीप १४ : विलायती रूळ

१४. विलायती रूळ : खंडेराव गायकवाडांच्या राजवटीत, १८६२ साली, बडोदे संस्थानात सुरू झालेल्या डभोई–मियागाम या अडीच फुटी लोहमार्गाचे मूळ रूळ. सुरुवातीला या मार्गावर डबे बैल ओढत. एवढ्यावरून दरबाराला इंजिनाचे वावडे होते असा निष्कर्ष काढला जातो, आणि प्रस्तुत लेखकाचा टोमणाही त्याच समजुतीतला आहे. पुरावा मात्र उलट आहे. १८६३ मध्येच ग्लासगोच्या नील्सन कंपनीकडून तीन इंजिने मागवली गेली होती. गाडे अडले ते रुळांपाशी. हे रूळ वाराला अवघे १३ पौंड वजनाचे, मुख्य मार्गांवरील रुळांच्या पाव भागाहूनही हलके. इंजिनाचा रोजचा भार त्यांना पेलणे शक्य नव्हते. मग आधीच जड रूळ का घातले नाहीत, हा आक्षेप रास्त आहे. परंतु तेव्हा रूळ साउथ वेल्समधील डाउलेससारख्या (स्थापना १७५९) ब्रिटिश कारखान्यांतून जहाजाने येत, आणि वजन वाढले की खर्चही वाढे. पोलादाचा पर्यायही हाताशी नव्हता : बेसेमरची पद्धत १८५६ मध्ये जाहीर झाली, तिचा पहिला परवानाही डाउलेसनेच घेतला, तरी तेथे ते पोलाद तयार होऊ लागायला १८६५ उजाडले. १८७३ मध्ये, मल्हाररावांच्या काळात, जड रूळ पडले. इंजिनांचा नियमित वापर १८८० पासूनचा, म्हणजे सयाजीरावांच्या राजवटीतला.