सायकलीची हकिगत

“तुमच्या त्या सायकलीवरच लिहा,” असा मंडळातील भगिनींनी आग्रह धरिला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. इतिहास लिहावयाचा म्हणजे धीटपणाच. पण जे यंत्र रोज हाताळते त्याच्या कुळाची थोडी चौकशी केली, ती येथे सांगते.

दोन सारख्या चाकांची, चेनवर चालणारी हल्लीसारखी सायकल 1885 साली इंग्लंडात जॉन स्टार्ली यांनी आणिली. त्यापूर्वी पुढचे चाक छातीइतके उंच असे. लुगडे नेसून त्यावर चढण्याची कल्पनाच करावी! 1888 साली डनलॉप यांनी आपल्या मुलाच्या तीनचाकीला हवेचे टायर बसविले, तेव्हा कोठे हाडांना आराम पडला.

त्याच 1888 साली बेळगावात किर्लोस्कर बंधूंचे सायकलीचे दुकान निघाले. लक्ष्मणराव मुंबईस राहून सायकली पाठवीत व बंधू रामूअण्णा त्या बेळगावात विकीत. पुढे मुंबईची शिक्षकाची नोकरी सोडून लक्ष्मणरावही तेथे आले. सायकलीपासून सुरू झालेला व्यवसाय कडबा कापण्याच्या यंत्रांपर्यंत व लोखंडी नांगरापर्यंत गेला, आणि 1910 साली किर्लोस्करवाडी वसली. त्यांचे पुतणे शंकरराव यांनी 1930 साली ‘स्त्री’ मासिक काढिले. म्हणजे बायकांच्या मासिकाचे मूळ शोधीत गेले तर सायकलीच्या दुकानात सापडते! मात्र त्या काळी दुकानात सायकल घ्यावयास बाई गेली असेल, असे मला वाटत नाही.

माझ्या माहेरी सातवीपर्यंतच शाळा होती. आठवीसाठी पाच किलोमीटर जावे लागे. भावाला सायकल मिळाली, मला मिळाली नाही. दुपारी तो झोपला की दांडीखालून पाय घालून मी अर्धे पायडल मारीत असे. एकदा कोणीतरी पाहिले आणि तेही बंद झाले. 2006 साली बिहारात नववीच्या मुलींना सायकली देण्याची योजना निघाली. आपल्या राज्यातही मानव विकास कार्यक्रमातून खेड्यांतील मुलींना सायकली मिळाल्या. तशा सायकलीवरून शाळेत जाणाऱ्या मुली प्रथम पाहिल्या, तेव्हा मी हातातली घागर घेऊन तशीच उभी राहिले होते.

आता आमच्या सायकलीविषयी. ती सासऱ्यांची, ॲटलास कंपनीची. सोनगीरची तांब्या-पितळेची भांडी कॅरियरला बांधून ते आसपासच्या बाजारांना जात. मोटारसायकल आली आणि ही गोठ्यात गेली. 2020 साली टाळेबंदीत एसटी थांबली, तेव्हा मी ती बाहेर काढिली. 1951 साली सोनीपतला सुरू झालेल्या त्या कंपनीचा शेवटचा कारखानाही त्याच वर्षी बंद पडला, हे मागाहून कळले.

चेन दोन दिवस रॉकेलात भिजविली. पुढच्या चाकाचे छर्रे झिजले होते, ते बदलिले. पायडलच्या दांड्याची खीळ काही केल्या निघेना. शेजारच्या तांबटदादांनी खाली लाकडाचा ठोकळा धरून एकाच घावात काढिली. पितळी घंटी मात्र मी स्वतः चिंच लावून घासली. त्या कामात आपल्या गावच्या बायकांना कोण शिकविणार!

दुरुस्ती झाली, बसणे राहिले. किल्ल्याच्या पायथ्याशी पहाटे सराव केला. धाकट्या जाऊबाई मागून कॅरियर धरीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी न सांगता हात सोडिला. मी शंभर पावले गेले आणि मागे वळून पाहिले म्हणून पडले. कोपर सोलले. सासूबाई “माय वं!” म्हणत हळद घेऊन आल्या. त्या रागावतील असे वाटले होते, पण त्यांनी विचारिले, “घंटीले काही झालं का?”

आता दळण, बाजार, मंडळाच्या वर्गणीची वसुली, सारे सायकलीवर होते. पंक्चर मी घरीच काढिते. घमेल्यात पाणी घेऊन ट्यूब बुडवावी, बुडबुडा दिसेल तेथे खूण करावी. जाऊबाईही शिकल्या आहेत, त्यामुळे सकाळी सायकल कोणी न्यावयाची यावरून आमचे रोज भांडण. मागच्या टायरला भेग पडली आहे. 28 इंची टायर येथे मिळाले नाही. पुढच्या आठवड्यात धुळ्यास जाऊन आणीन.