दधीचींच्या अस्थी आणि परमवीर चक्र

परमवीर चक्र जवळून पाहिले, तर देशातला सर्वोच्च शौर्यसन्मान इतका साधा कसा, असे वाटते. सोने नाही, रत्ने नाहीत. जेमतेम साडेतीन सेंटिमीटर व्यासाचे हे ब्राँझचे पदक. मध्यभागी राजमुद्रा, तिच्याभोवती इंद्राची चार वज्रे आणि वर साधी जांभळी फीत.

स्वातंत्र्य मिळाले तेव्हा आपल्या सैनिकांच्या छातीवर ब्रिटिश राजवटीची पदके होती. १९४७ मध्येच काश्मीरची लढाई पेटली. स्वतंत्र देशाला स्वतःचे पदक हवे होते. मेजर जनरल हिरालाल अटल यांनी त्याच्या रचनेचे काम सावित्रीबाई खानोलकर यांच्याकडे सोपवले. या बाई मूळच्या ईव्ह; १९१३ साली स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या, वडील हंगेरियन, आई रशियन. विक्रम खानोलकर या मराठी लष्करी अधिकाऱ्याशी लग्न करून त्या इथल्याच झाल्या. संस्कृत आणि पुराणांचा त्यांनी मनापासून अभ्यास केला होता.

त्यांनी वज्र निवडले, यातच सारे आले. वृत्रासुराच्या वधासाठी देवांना शस्त्र हवे होते; दधीची ऋषींनी देह ठेवून आपल्या अस्थी दिल्या आणि त्यांचे वज्र घडले. म्हणजे हे शस्त्र मारण्याआधी देण्याचे प्रतीक आहे. सन्मानाच्या नियमांतही शत्रूसमोरच्या शौर्याबरोबर आत्मबलिदानाचा उल्लेख आहे. तिथे हुद्दा पाहिला जात नाही.

२६ जानेवारी १९५० रोजी हा सन्मान सुरू झाला, तो १५ ऑगस्ट १९४७ पासून लागू धरून. त्यामुळे ३ नोव्हेंबर १९४७ रोजी बडगामला धारातीर्थी पडलेले मेजर सोमनाथ शर्मा पहिले मानकरी ठरले. योगायोग असा, की ते सावित्रीबाईंच्या जावयाचे बंधू!

आणखी एक मानकरी आठवतात, कारवारकडचे, बॉम्बे सॅपर्सचे सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे. एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा-राजौरी मार्गावर, जखमी असूनही, गोळीबारात त्यांनी सुरुंग काढले, अडथळे हटवले आणि रणगाड्यांना वाट करून दिली. त्यांचा पराक्रम शत्रू किती मारले यात नव्हता. मागच्यांसाठी रस्ता मोकळा करण्यात होता.

आजवरच्या एकवीस मानकऱ्यांपैकी चौदा जणांना हे चक्र मरणोत्तर मिळाले. त्या चौदा घरांत पदक पोहोचले, माणूस परतला नाही. प्रजासत्ताकदिनी हे चक्र दिसले, की त्यावरची वज्रे जरूर पाहा. ती कशाची घडली आहेत, तेही आठवा.