शीड, यंत्र आणि वाटा



लहान शिडाच्या होडीला मदतीचे यंत्र कोणते बसवावे, हा प्रश्न वरवर पाहता कारागिराचा आहे. मीही पुष्कळ वर्षे तसेच समजत होतो. माझे शालेय शिक्षण सातवीपाशी संपले. पुढे जे काही शिकलो ते बंदरावर आणि सार्वजनिक वाचनालयात. तेथे या प्रश्नाचा इतिहास वाचला, तेव्हा ध्यानात आले की, यंत्राची निवड ही शेवटी वाट्याची निवड असते.

आधी शिडाची अडचण पाहू. आपल्या किनाऱ्यावर पहाटे जमिनीवरून मतलई वारा सुटतो आणि दुपारी समुद्रावरून खारा वारा येतो. एकाने बाहेर जावे, दुसऱ्याने घरी यावे, हा कोळ्याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा हिशेब. पण दोन वाऱ्यांच्या मध्ये समुद्र निपचित पडतो. शीड लोंबते, मासळी उन्हात नासते आणि वल्ही मारून माणसांचे खांदे भरून येतात. त्या मधल्या वेळेपुरते आणि खाडीच्या तोंडाशी ओहोटीविरुद्ध झगडण्यापुरते यंत्र हवे होते. शिडाला हुसकून लावण्यासाठी ते नको होते.

या गरजेला दोन उत्तरे मिळाली. पहिले यंत्र होडीच्या पोटातले. हर्बर्ट अक्रॉइड स्टुअर्ट या इंग्रज गृहस्थाने १८९० च्या सुमारास असे यंत्र सिद्ध केले की, त्याचे डोके दिव्याने तापवले म्हणजे स्वस्त, जाडे तेल आपोआप पेट घेई. विजेची ठिणगी लागत नसे. खाऱ्या हवेत विजेचे सामान किती टिकते, हे खलाशाला सांगावे लागत नाही. नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क येथील कोळ्यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत अशी यंत्रे घेतली आणि पुष्कळांनी शिडेही ठेवली. दुसरे यंत्र होडीच्या पाठीवरचे. मूळचा नॉर्वेचा ओले एव्हिन्रूड याने अमेरिकेत १९०९ साली दीड अश्वशक्तीचे, सुमारे २८ किलो वजनाचे यंत्र विक्रीस काढले. ते फळीला आवळावे आणि काम झाले की काढून घरी न्यावे.

दोहोंचे गुणदोष उघड आहेत. पोटातले यंत्र जड आणि महाग; परंतु त्याचा पंखा खोल राहतो आणि डिझेल पेट्रोलसारखे चटकन भडकत नाही. मात्र शिडावर चालताना तोच पंखा पाण्यात आडवा येतो. पाठीवरचे यंत्र हलके, उथळ पाण्यात वर उचलता येणारे. पण लाटेवर होडीची पिछाडी उचलली गेली की त्याचा पंखा हवेत भिरभिरतो. शिवाय पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती होडीच्या तळाशी साचते, आणि मग एक ठिणगी पुरते.

आता शक्ती किती घ्यावी? याचे उत्तर विल्यम फ्राउड या इंग्रज संशोधकाच्या एकोणिसाव्या शतकातील प्रयोगांतून मिळाले. पाणी कापत जाणाऱ्या होडीला तिची स्वतःची लाटच अडवते. पाण्याच्या रेषेवरील लांबी फुटांत घ्यावी, तिचे वर्गमूळ काढावे आणि त्याला १.३४ ने गुणावे; साधारण तितक्या नॉटपर्यंत होडी सुखाने जाते. म्हणजे २५ फुटी होडीला सुमारे पावणेसात नॉट. त्यापुढे दुप्पट शक्ती लावली, तरी वेग जेमतेम वाढतो. वाढते ते मुख्यतः तेलाचे बिल.

पण माणूस नेहमी या हिशेबाने चालत नाही. केरळचे उदाहरण घ्या. १९५२ साली भारत, नॉर्वे आणि संयुक्त राष्ट्रे यांच्यात करार झाला आणि पुढच्या वर्षी कोल्लमजवळ नींदकरा येथे काम सुरू झाले. प्रथम विचार होता तो तेथल्या देशी होड्यांनाच यंत्र बसविण्याचा. पण त्या होड्या फुटत्या लाटांतून वाळूवर ओढून घ्यायच्या; यंत्राचे वजन आणि खाली पंखा त्यांना मानवेना. तेव्हा २२ ते २५ फुटी नव्या नौका बांधल्या. पुढे कोळंबीला परदेशी भाव आला, तळ खरवडणारी जाळी आली आणि पुष्कळ यांत्रिक नौका कोळी नसलेल्या भांडवलवाल्यांच्या हाती गेल्या. देशी होडीवाला मागे पडला. १९८० नंतर त्याने कर्ज काढून पाठीवरची यंत्रे घेतली आणि ती केरोसीनवर चालवली. पुढे शक्ती वाढत गेली; एकेका होडीला दोन-दोन, तीन-तीन यंत्रे लागली. मासळी मात्र त्या प्रमाणात वाढली नाही. शेजाऱ्याने मोठे यंत्र घेतले म्हणून मी घ्यायचे, अशी ती शर्यत होती.

आपल्याकडेही स्वातंत्र्यानंतर सरकारी कर्जाच्या आधाराने मचव्यांत डिझेल यंत्रे बसली आणि हळूहळू शिडे उतरली. यंत्राने माणसांचे कष्ट वाचवले, वादळात जीव वाचवले. हे नाकारणारा मी नव्हे. पण रत्नागिरी जिल्ह्यातील एका बंदरात पुष्कळ वर्षांपूर्वी काही खलाशांनी मला हिशेबाची वही दाखवली, ती विसरत नाही. मालकाने जुने यंत्र काढून दुपटीहून मोठे बसवले होते. तेल आधी वजा, मग यंत्राचा वाटा, मग होडीचा, जाळ्याचा, आणि उरले ते माणसांचे. त्या महिन्यात काहीच उरले नव्हते. त्यांच्यातले वयस्कर तांडेल म्हणाले, "दादा, वारा फुकट होता तेव्हा वारा पडला तर आम्ही थांबायचो. आता तेल जळतं ते आमच्या वाट्यातनं, पण यंत्र आणताना आम्हाला कुणी विचारलं नाही." मी मालकाशी तीन बैठका केल्या. अखेर तेलाचा अर्धा खर्च मालकाच्या वाट्यावर गेला. पुढच्या हंगामात त्याच मालकाने लहान यंत्र आणले! खर्च स्वतःच्या खिशाला लागताच फ्राउडचा नियम त्यांना न वाचताच कळला.

म्हणून यंत्र निवडताना लांबी, वजन, पंखा, इंधन हे सारे जरूर पाहावे. पण त्याच्या जोडीला आणखी एक प्रश्न विचारावा: जळणाऱ्या तेलाचे पैसे कोणाच्या वाट्यातून जाणार? ज्याच्या वाट्यातून जाणार, त्याला निवडीच्या वेळी जवळ बसवावे. कामगार चळवळीत इतकी वर्षे काढून मी शिकलो ते एवढेच, आणि ते होडीपुरतेच खरे आहे असे मला वाटत नाही.