माणसांची भरती-ओहोटी

लोकसंख्येचा प्रश्न निघाला की आपण बहुधा एकाच आकड्याविषयी बोलतो. माणसे किती झाली आणि ती फार झाली काय, एवढ्यावर चर्चा थांबते. परंतु जन्म, वार्धक्य आणि स्थलांतर ही तिन्ही एकाच हिशेबाची अंगे आहेत. एकाला हात लावला की उरलेली दोन हालतात, आणि त्याचे फळ पुष्कळदा पुढच्या पिढीच्या पदरात पडते. तीन देशांच्या इतिहासातून हे आज पाहावयाचे आहे.

प्रथम आयर्लंड. १८४१ च्या शिरगणतीत या बेटावर सुमारे ८२ लक्ष माणसे भरली. त्यांतील गरीब कुळे व मजूर यांचा सारा आधार म्हणजे जमिनीचा एखादा तुकडा आणि त्यात पिकणारा बटाटा. १८४५ साली बटाट्यावर रोग पडला. पुढील सहा-सात वर्षांत सुमारे १० लक्ष लोक उपासमारीने व तापाने मेले आणि जवळजवळ तितकेच देश सोडून गेले. माल्थसच्या मताचे लोक म्हणू लागले की, हे होणारच होते. हा माल्थस हेलिबरी येथे ईस्ट इंडिया कंपनीच्या कॉलेजात प्राध्यापक होता, आणि आपल्याकडे कारभार करावयास आलेले कित्येक साहेब त्याच्या हाताखाली शिकलेले होते. परंतु त्याच दुष्काळात आयर्लंडच्या बंदरांतून धान्य व गुरे इंग्लंडकडे जात होती, आणि खंड थकला म्हणून कुळांना घराबाहेर काढले जात होते. तेव्हा माणसे फार झाली म्हणून मेली, की धान्य विकत घ्यावयास हाती पैसा नव्हता म्हणून मेली, हे विचारावेच लागते.

माणसे कमी होणे हाच उपाय असता, तर दुष्काळानंतरचा आयर्लंड सुखी व्हावयास हवा होता. तसे झाले नाही. शेताचे तुकडे पडू नयेत म्हणून ते एकाच मुलाकडे जाई. बाकीच्या भावंडांनी अमेरिकेचा रस्ता धरावयाचा. आधी गेलेल्या बहिणीने पैसे पाठवावे आणि त्या पैशांवर धाकट्याने जहाजात चढावे, असा क्रम पडून गेला. जाणाऱ्याच्या आदल्या रात्री घरी शेजारीपाजारी जमत, आणि मृताजवळ जागरण करावे तसे जागरण होई. त्याला लोक ‘अमेरिकन जागरण’च म्हणत. गेलेला परत दिसेल ही आशा फारशी कोणाला नव्हती. घरी राहिलेल्यांची लग्ने उशिरा होत, कित्येकांची होतच नसत. स्वतंत्र आयर्लंडची वस्ती १९६१ साली अवघी २८ लक्षांवर आली. मग वारे फिरले. १९५८ ची आर्थिक योजना, १९६७ पासूनचे मोफत माध्यमिक शिक्षण, १९७३ साली युरोपीय बाजारपेठेत मिळालेला प्रवेश, यांचा परिणाम हळूहळू दिसू लागला. २०२२ च्या शिरगणतीत तेथे ५१ लक्षांहून अधिक लोक भरले, आणि त्यांतील पाचांतला एक परदेशात जन्मलेला होता. जेथून तरुण पळत होते, तेथे आता पोटासाठी लोक येतात. ज्या भूमीत २८ लक्षांचे भागत नव्हते, तेथे ५१ लक्ष नांदत आहेत.

फ्रान्सची चिंता उलट होती. तेथील जननप्रमाण इतर युरोपाच्या पुष्कळ आधी, अठराव्या शतकाच्या अखेरीसच उतरू लागले. १८७१ च्या पराभवानंतर जर्मनीशी तुलना करण्याची खोड फ्रेंचांना जडली. १९११ साली जर्मनीत सुमारे ६ कोटी ४९ लक्ष लोक होते, फ्रान्समध्ये ३ कोटी ९६ लक्ष. पहिल्या महायुद्धात तरुणांची पिढीच कापली गेली, तेव्हा १९२० साली संततिनियमनाच्या प्रचारावर कायद्याने बंदी आली. पाळणे त्यामुळे भरले नाहीत. खाणींवर आणि शेतांवर इटालियन, पोलिश, स्पॅनिश मजूर मात्र आले. १९३१ पर्यंत परकीयांची संख्या सुमारे २७ लक्षांवर गेली. पुढे मंदी आली आणि पोलिश खाणकामगारांना कुटुंबांसह आगगाड्यांत बसवून परत पाठविण्यात आले.

जपानला प्रथम माणसे फार वाटली. १९०८ साली ‘कासातो मारू’ या जहाजाने ७८१ जपानी लोक ब्राझीलच्या कॉफीच्या मळ्यांवर कामाला नेले. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४८ च्या कायद्याने गर्भपाताला वाट मिळाली. १९४७ साली दर हजारी ३४ असलेले जननप्रमाण दहा वर्षांत १७ वर आले. खाणारी तोंडे थोडी आणि कमावते हात पुष्कळ, अशा त्या काळाने जपानच्या भरभराटीस हातभार लावला. परंतु तेच हात पुढे थकले. १९९० साली कायदा बदलून, ब्राझीलला गेलेल्यांच्या नातवंडांना कारखान्यांत कामासाठी येण्याची मुभा दिली गेली. २००८ च्या मंदीनंतर त्यांनाच परतीचे भाडे देऊन निरोप देण्यात आला. जपानची वस्ती मात्र त्याच सुमारास घटू लागली होती. आज तेथे दर दहांत जवळजवळ तीन माणसे पासष्टीपलीकडची आहेत.

पासष्टीपलीकडच्यांचे प्रमाण शेकडा ७ वरून १४ होण्यास फ्रान्सला सुमारे ११५ वर्षे लागली. जपानला, १९७० ते १९९४, अवघी २४. हाच आकडा आपण जपून ठेवण्यासारखा आहे. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत भारतात दर स्त्रीमागे सरासरी २.० मुले आढळली, महाराष्ट्रात १.७. मुंबईच्या गिरण्यांना वर्षानुवर्षे माणसे पुरविणाऱ्या कोकणात ओहोटी याआधीच दिसते. २००१ ते २०११ या दशकात रत्नागिरी व सिंधुदुर्ग या जिल्ह्यांची वस्ती घटली.

आयर्लंडने माणसांना ओझे मानले, फ्रान्सने तूट मानली, जपानने आधी ओझे व मग तूट मानली. हिशेब तिघांचाही चुकला, कारण आज जे हात आपण मोजतो, ते उद्या म्हातारे होतात, हे वहीत कोणी मांडलेच नाही. आयर्लंडचे दिवस पालटले ते तरुणाला शाळा आणि काम घरी मिळाल्यावर. आपल्या वहीत तरुणाच्या कामाबरोबरच मनीऑर्डरीची वाट पाहत खळ्यात बसलेल्या म्हाताऱ्या आईचेही एक खाते असावे. ते उघडण्यास फ्रान्सइतका अवधी आपल्याला मिळणार नाही.