हौशी सुवर्णशोध मंडळ

हौशी सुवर्णशोध मंडळ म्हणजे नदीची रेती धुऊन किंवा धातुशोधक यंत्राच्या साहाय्याने छंद म्हणून सोने शोधणाऱ्या व्यक्तींची संघटना होय. अमेरिका, ऑस्ट्रेलिया, ब्रिटन, फिनलंड इत्यादी देशांत अशी मंडळे कार्यरत आहेत. सभासदांना कायदेशीर जागा मिळवून देणे, साधनांचा वापर शिकविणे आणि सामूहिक सहली काढणे ही त्यांची प्रमुख कामे असतात. भारतात सोन्याचा शोध व उत्खनन यांवर शासनाचे नियंत्रण असून हौशी शोधासाठी वेगळा परवाना नाही. त्यामुळे येथे मंडळ निवडण्याचा प्रश्न कायद्याशी जोडलेला आहे. वैनगंगेच्या खोऱ्यात नदीतून सोने धुण्याची परंपरा मात्र जुनी आहे.

शास्त्रीय आधार

सोन्याची घनता पाण्याच्या सुमारे १९.३ पट, तर गारगोटीची सुमारे २.६५ पट असते. खडकातील गारगोटीच्या शिरांची झीज झाली की त्यांतील सोन्याचे कण पाण्याबरोबर वाहत जातात आणि प्रवाहाचा वेग मंदावतो तेथे तळाशी बसतात. नदीच्या वळणाची आतील बाजू, मोठ्या दगडांच्या मागील भाग आणि तळखडकाच्या भेगा ही अशी ठिकाणे होत. तेथे मॅग्नेटाइटसारख्या जड खनिजांची काळी रेतीही साचते. म्हणून काळी रेती ही सोने शोधणाऱ्यांच्या दृष्टीने एक खूण ठरते. मात्र काळी रेती असलेल्या प्रत्येक ठिकाणी सोने असतेच असे नाही.

परातीत रेती व पाणी घेऊन ती गोलाकार हलविली असता हलके कण वर येतात व पाण्याबरोबर बाहेर टाकता येतात. जड कण तळाशी राहतात. अधिक रेती धुण्यासाठी आडव्या पट्ट्या बसविलेली पन्हळ वापरतात. नवशिक्यांना अभ्रकाचे पापुद्रे आणि पायराइट हे खनिज सोन्यासारखे वाटते. सोने ठोकल्यास चपटे होते, पायराइटचा चुरा होतो आणि अभ्रकाचे पापुद्रे सुटे होतात.

वैनगंगा खोऱ्यातील परंपरा

मध्य भारतात रेतीतून सोने धुणाऱ्या समाजाला सोनझरी, सोनझारा किंवा झारेकरी म्हणतात. रसेल व हिरालाल यांनी १९१६ साली प्रसिद्ध केलेल्या मध्य प्रांतातील जाती-जमातींवरील ग्रंथात सोनझारा समाजाची स्वतंत्र नोंद आहे. मंडला, बालाघाट, चांदा आणि संबलपूर या जिल्ह्यांतील नद्यांच्या पात्रांत हा समाज सोने धुतो, असे तीत म्हटले आहे. यांपैकी बालाघाट जिल्हा वैनगंगेच्या वरच्या खोऱ्यात असून भंडारा जिल्ह्याला लागून आहे. महाराष्ट्रातील अनुसूचित जमातींच्या यादीत गोंड जमातीच्या नोंदीखाली ‘सोनझरी झारेका’ हे नाव समाविष्ट आहे. सराफ पेठेतील धूळ व गटारातील गाळ धुऊन सोन्याचे कण वेगळे करणे हाही या कौशल्याशी निगडित व्यवसाय आहे.

या परंपरेत छंदाचा भाग नव्हता. दिवसभर रेती धुऊन मिळणारे थोडेसे सोने विकून कुटुंबाचा निर्वाह होत असे. नदीच्या कोणत्या भागात, पूर ओसरल्यावर किती दिवसांनी आणि किती खोलीवर रेती काढावी, याचे ज्ञान पिढ्यानपिढ्या तोंडी दिले जात होते. हौशी मंडळे प्रशिक्षणवर्गात जे शिकवितात, त्याचा बराचसा भाग याच स्वरूपाचा आहे.

वरठी व परिसर

वरठी हे भंडारा जिल्ह्यातील मोहाडी तालुक्यातील गाव आहे. मुंबई–हावडा लोहमार्गावरील भंडारा रोड स्थानक येथे आहे. सनफ्लॅग पोलाद कारखान्यामुळे हे गाव औद्योगिक केंद्र म्हणून ओळखले जाते. जिल्ह्याची मुख्य नदी वैनगंगा असून सूर, बावनथडी, चुलबंद आणि कन्हान या तिच्या उपनद्या आहेत.

भंडारा व नागपूर जिल्ह्यांत पसरलेल्या साकोली गटाच्या प्राचीन रूपांतरित खडकांत गारगोटीच्या शिरा आढळतात. नागपूर जिल्ह्यातील परसोडी, कोलारी–भावरी आणि मारूपार या भागांत सोन्याचे अंश आढळले असून तेथे भूवैज्ञानिक समन्वेषण झाले आहे. खडकात सोन्याचे अंश आढळणे आणि नदीत हाताने वेचण्याजोगे सोने मिळणे या भिन्न गोष्टी आहेत. शिवाय पवनीजवळील गोसीखुर्द धरणाचा फुगवटा भंडारा शहरापर्यंत येत असल्याने वैनगंगेच्या या पट्ट्यातील जुने रेतीचे पट पाण्याखाली गेले आहेत.

भारतातील कायदेशीर स्थिती

खाण व खनिजे (विकास व विनियमन) अधिनियम, १९५७ च्या कलम ४ नुसार परवाना किंवा खाणपट्टा असल्याशिवाय कोणालाही खनिजाचा शोध घेता येत नाही व उत्खनन करता येत नाही. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणासारख्या शासकीय संस्थांना यातून सूट आहे. अधिनियमातील व्याख्यांत साधनाच्या आकाराची किंवा खनिजाच्या प्रमाणाची किमान मर्यादा दिलेली नाही. परातीने केलेल्या शोधासाठी वेगळी तरतूद नाही. कलम ४ च्या उल्लंघनासाठी कलम २१ मध्ये ५ वर्षांपर्यंत कारावास आणि प्रति हेक्टर ५ लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद असून साधने व वाहन जप्त होऊ शकते.

२०१५ च्या दुरुस्तीनंतर सोन्याचे खाणपट्टे लिलावाने दिले जातात. छत्तीसगडमधील बाघमारा येथील सुवर्णक्षेत्राचा २०१६ मधील लिलाव हा देशातील सोन्याच्या खाणीचा पहिला लिलाव होता. २०२३ च्या दुरुस्तीने खोलवरच्या खनिजांसाठी समन्वेषण परवाना सुरू झाला व त्यात सोन्याचा समावेश आहे. हे परवाने मोठ्या क्षेत्रासाठी असून छांदिष्टांना त्यांचा उपयोग नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४८ नुसार परवानगीविना गौण खनिज काढणेही दंडनीय असल्याने नदीतील रेती उपसण्यावर स्वतंत्र बंधन आहे.

धातुशोधक यंत्र वापरणाऱ्यांना आणखी काही कायदे लागू होतात. भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ नुसार जमिनीत दडलेली १० रुपयांपेक्षा अधिक मूल्याची वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळविणे बंधनकारक आहे. संरक्षित पुरातत्त्वीय स्थळी परवान्याविना उत्खनन करता येत नाही. भंडारा जिल्ह्यातील पवनी येथे १९६९–७० मध्ये झालेल्या उत्खननात प्राचीन बौद्ध स्तूपांचे अवशेष मिळाले असल्याने हा मुद्दा या जिल्ह्यात विशेष महत्त्वाचा आहे. कोका आणि उमरेड–पवनी–करांडला या अभयारण्यांत वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ लागू आहे.

परदेशातील मंडळे

ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात बॅलारॅट येथील १८५४ च्या युरेका उठावानंतर खाणकामगारांवरील मासिक परवाना शुल्क रद्द झाले व १८५५ मध्ये ‘माइनर्स राइट’ हा परवाना आला. आजही हा परवाना घेणारी व्यक्ती हाताची साधने व धातुशोधक यंत्र वापरून अनुमत सरकारी जमिनीवर सोने शोधू शकते आणि सापडलेले सोने तिच्या मालकीचे होते. खासगी जमिनीवर मालकाची संमती लागते. तेथील मंडळे प्रामुख्याने प्रशिक्षण देतात आणि सभासदांचे हक्क टिकविण्यासाठी शासनाशी बोलणी करतात.

अमेरिकेत १८७२ च्या खाण कायद्यानुसार अनेक संघराज्यीय जमिनींवर खनिजाचा दावा नोंदविता येतो. मंडळे असे दावे मिळवून सभासदांना तेथे प्रवेश देतात. जॉर्ज मॅसी यांनी १९६८ मध्ये स्थापन केलेली ‘गोल्ड प्रॉस्पेक्टर्स असोसिएशन ऑफ अमेरिका’ ही त्यांपैकी प्रसिद्ध संघटना होय. ब्रिटनमध्ये सोने व चांदी राजसत्तेच्या मालकीची मानली जाते. फिनलंडमधील टांकावारा हे परातीने सोने धुण्याच्या स्पर्धांसाठी प्रसिद्ध आहे.

मंडळाची निवड

मंडळाचे मूल्य त्याच्याकडील जागेच्या हक्कावर ठरते. सभासद होण्यापूर्वी पुढील बाबी तपासणे आवश्यक असते.

जागेचा हक्क : मंडळाकडे दावा, परवाना किंवा जमीनमालकाची लेखी संमती आहे काय, तिची मुदत केव्हा संपते आणि ती सभासदांना लागू होते काय, हे मूळ कागदपत्रांवरून पाहावे.

सोन्याची मालकी : सापडलेले सोने सभासदाचे, मंडळाचे की जमीनमालकाचे, हे नियमावलीत लिहिलेले असावे. सामूहिक खोदकामात वाटणी कशी होते, हेही स्पष्ट असावे.

साधनांची मर्यादा : यंत्रांविषयीचे नियम प्रदेशानुसार बदलतात. उदाहरणार्थ, कॅलिफोर्नियात २००९ मध्ये नदीतळ शोषून घेणाऱ्या यंत्रांवर स्थगिती आली. असे बदल सभासदांना वेळेवर कळविणे हे मंडळाचे काम आहे.

शुल्क : प्रवेश शुल्क, वार्षिक वर्गणी, सहलीचा खर्च आणि साधनांचे भाडे यांची बेरीज करून तुलना करावी. वर्षातून दोनदाच जाणाऱ्यास जवळचे लहान मंडळ दूरच्या मोठ्या मंडळापेक्षा उपयुक्त ठरू शकते.

प्रशिक्षण व सुरक्षितता : नवागतांसोबत अनुभवी सभासद असणे, प्रथमोपचाराची सोय आणि धरणातून पाणी सोडण्याच्या सूचनांकडे लक्ष असणे महत्त्वाचे आहे.

पर्यावरण : खड्डे बुजविणे व काठ न खणणे हे नियम पाळले जातात काय, हे पाहावे. पारा वापरणारे मंडळ टाळावे. पाऱ्याची वाफ विषारी असून तो पाण्यात मिसळल्यास मासळीतून अन्नसाखळीत जातो. पाऱ्यावरील मिनामाता करारास भारताने २०१८ मध्ये अनुसमर्थन दिले.

फसवणुकीचे प्रकार

भारतात एखादी संस्था संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खाली नोंदविता येते आणि महाराष्ट्रात तिची नोंद धर्मादाय आयुक्तांकडे होते. या नोंदणीमुळे संस्थेला कायदेशीर अस्तित्व मिळते, खनिज शोधण्याचा हक्क मिळत नाही. त्यामुळे केवळ नोंदणी प्रमाणपत्र दाखवून नदीपात्रात सोने शोधण्याचे सभासदत्व विकणाऱ्या मंडळाकडे विकण्याजोगा हक्क नसतो. कारवाई झाल्यास प्रत्यक्ष नदीत सापडलेला सभासदही तिला सामोरा जातो.

सोन्याच्या शोधात वाटा देण्याचे आश्वासन देऊन ठेवी घेणे हा दुसरा प्रकार होय. अशा ठेवींना अनियंत्रित ठेव योजना प्रतिबंध अधिनियम, २०१९ लागू होऊ शकतो. गुप्तधन काढून देतो असे सांगून पैसे उकळण्याचे प्रकारही घडतात. गुप्तधनासाठी केलेले अघोरी कृत्य महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे.

भारतातील पर्याय

सोन्याच्या शोधाची आवड असणाऱ्यांसाठी भूविज्ञानाचे शिक्षण हा कायदेशीर मार्ग आहे. वरठीपासून रेल्वेने सुमारे ६० किलोमीटरवरील नागपूर येथे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे मध्य विभागीय कार्यालय, भारतीय खाण ब्युरोचे मुख्यालय, राज्याचे भूविज्ञान व खनिकर्म संचालनालय आणि राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाचा भूविज्ञान विभाग आहे. परातीने जड खनिजे वेगळी करण्याची पद्धत भूवैज्ञानिकही नमुने तपासण्यासाठी वापरतात. म्हणून हे कौशल्य परवानाधारक संस्थेच्या क्षेत्रीय कामात रीतसर शिकता येते. सोनझरी समाजातील वृद्धांकडून नद्यांची व साधनांची माहिती नोंदवून ठेवणे हा अभ्यासाचा आणखी एक विषय आहे आणि त्यासाठी खनिज परवान्याची गरज नाही.